सिगारेट कमी करायला वेप घेतलाय? हिशोब एकदा मांडून बघा

दिवाळीच्या सुट्टीत माझा लहाना भाऊ लातूरहून नांदेडला आला. तिकडं ट्युशन एरियात खोली करून राहतो, नीटचा दुसरा अटेम्प्ट आहे. रात्री मी माझा मोबाइल चार्जिंगला लावायला गेले, तर बोर्डावर आधीच एक वस्तू लावलेली. निळसर, बोटाएवढी. मला आधी पेनड्राइव्ह वाटला. हातात घेतला तर आंब्याचा वास आला. पेनड्राइव्हला आंब्याचा वास येत नाही, एवढं मासकॉम न करताही कळतं.

"ताई, घरी सांगू नको. सिगारेट कमी करायलोय मी," तो म्हणाला.

"आधी किती ओढायचास?"

"दहा. आता तीनवर आलोय."

"आणि हे दिवसातून किती वेळा?"

तो हसला. "याचं कोण मोजतंय?"

हा लेख त्या शेवटच्या वाक्यावर आहे. त्याला विचारूनच लिहितेय. त्याची एकच अट होती, 'लेक्चर देऊ नको'. तुमचीही तीच अट असणार, हे माहीत आहे. त्यामुळं इथं लेक्चर नाही, हिशोब आहे. कारण 'सिगारेट सोडायची म्हणून वेपवर आलो' हे वाक्य मी त्या रात्रीनंतर नांदेडच्या श्यामनगरमध्ये ऐकलं, विष्णुपुरीत कॅम्पसबाहेरच्या चहाच्या गाड्यावर ऐकलं आणि लातूरला गेले तेव्हा औसा रोडवरही ऐकलं. बोलणारे वेगवेगळे, वाक्य तेच. एवढे जण तेच बोलत असतील तर ते तपासून बघायला हवं. खरं असेल तर खरं म्हणू.

बंदी आहे, मग मिळतं कसं?

आधी कायदा, कारण यात सगळ्यांचाच गोंधळ आहे.

केंद्र सरकारनं १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी आणली. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात, सगळंच बंद. निकोटिन असो की नसो, फ्लेवर असो की नसो, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं गरम करून ओढायचं साधन म्हटलं की ते यात आलं. ई-हुक्काही आला. पहिल्यांदा विकताना सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता तुम्ही म्हणाल, यात 'ओढणं' कुठं आहे? बरोबर पकडलंत. नुसतं ओढण्यासाठी वेगळी शिक्षा या कायद्यात लिहिलेली नाही. पण त्यामुळं 'मग मला काय होतंय' असा अर्थ काढू नका. आरोग्य मंत्रालयाची भूमिका अशी आहे की, ई-सिगारेट कुठल्याही स्वरूपात जवळ बाळगणं हेच कायद्याचं उल्लंघन आहे. आणि मित्रांसाठी म्हणून चार नग मागवून दोन पुढं विकलेत, तर तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, विक्रेते होता. हॉस्टेलमध्ये हे किती सहज होतं ते तुम्हाला माहीत आहे. 'भौ, माझ्यासाठी पण एक मागव ना' एवढंच लागतं.

मिळतं कसं, याचं उत्तरही साधं आहे. जे उघड विकता येत नाही ते ओळखीतून विकलं जातं. बिल नाही, पॅकवर लिहिलंय ते खरं की खोटं हे तपासणारं कुणी नाही, काही झालं तर तक्रार करायला जागा नाही. बंदी तोडल्याची चर्चा तर थेट लोकसभेपर्यंत गेली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये एका खासदारानं सभागृहात उभं राहून दुसऱ्या पक्षाचे खासदार आत बसून ई-सिगारेट ओढतात, अशी तक्रार अध्यक्षांकडे केली होती. तेव्हा लातूरच्या खोलीत ती पोचली याचं नवल वाटून घेऊ नका.

भावाचं म्हणणं खोटं आहे का?

नाही. पूर्ण खोटं नाही. आणि हे मान्य केल्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही.

सिगारेटमध्ये माणसाला मारतं ते मुख्यतः जळणं. तंबाखू जळते तेव्हा धुरात हजारो रसायनं तयार होतात. त्यातली साधारण सत्तर कॅन्सरशी जोडलेली आहेत. सोबत टार आणि कार्बन मोनॉक्साइड. वेपमध्ये जळत काही नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवर यांचं मिश्रण तापवून त्याची वाफ होते. २००३ मध्ये होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टनं आजच्या पद्धतीची ई-सिगारेट बनवली, तेव्हा कल्पना हीच होती की निकोटिन द्यायचं, धूर काढून टाकायचा.

ही कल्पना तपासलीही गेली आहे. २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास छापून आला. सिगारेट सोडायला सरकारी केंद्रात आलेल्या ८८६ जणांचे दोन गट केले. एका गटाला निकोटिनच्या गम, पॅच वगैरे, दुसऱ्याला ई-सिगारेट. वर्षभरानंतर पहिल्या गटातल्या ९.९ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, ई-सिगारेटवाल्या गटात १८ टक्के लोकांची. म्हणजे जवळपास दुप्पट. याच विचारानं ब्रिटन सरकारनं २०२३ मध्ये दहा लाख लोकांना सिगारेटच्या बदल्यात वेपचं किट देण्याची योजना जाहीर केली.

इथंपर्यंत भाऊ खूश. "बघ, मी म्हणत होतो की नाही!"

थांब म्हटलं, पुढचं पान वाच.

लातूरची खोली आणि लंडनचं केंद्र

त्याच अभ्यासात आणखी तीन गोष्टी आहेत, ज्या रीलमध्ये कुणी सांगत नाही.

पहिली. ती माणसं सिगारेट सोडायची तारीख ठरवून केंद्रात आली होती. दोन्ही गटांना किमान चार आठवडे, दर आठवड्याला समोर बसून समुपदेशन मिळत होतं. माझ्या भावाला वेप दिला कुणी, तर रूममेटच्या मित्रानं. समुपदेशन काय, तर 'ओढ, भारी लागतं'.

दुसरी. त्यांना पुन्हा भरता येणारं यंत्र आणि सोबत निकोटिनच्या द्रवाची एक बाटली दिली होती, एका मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन असलेली. ब्रिटनमध्ये कायद्यानं २० मिलिग्रॅमच्या वर जाताच येत नाही. आपल्याकडं हातात येणाऱ्या डिस्पोजेबलवर बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं ते बघा. भावाच्या वेपवर '५%' लिहिलंय. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम, ब्रिटनच्या मर्यादेच्या अडीच पट. आणि यातलं निकोटिन बहुतेक वेळा 'निकोटिन सॉल्ट' प्रकारचं असतं. ते घशाला टोचत नाही, त्यामुळं एवढं कडक असूनही ठसका लागत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ई-सिगारेटच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. गम-पॅचच्या गटात असं प्रमाण ९ टक्के होतं. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटिन नाही सुटलं. वीस वर्षं रोज पाकीट ओढणाऱ्या पन्नाशीच्या माणसासाठी हाही सौदा फायद्याचा असू शकतो. पण तुम्ही एकोणीस-वीस वर्षांचे आहात आणि दोन वर्षांपासून ओढताय. तुमच्यासाठी हा सौदा वेगळा आहे. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि या वयात लागलेली निकोटिनची सवय जास्त घट्ट बसते.

पॅकवर लिहिलेलं आणि आत असलेलं एकच असेल याची खात्री नसते, तेव्हा काय होऊ शकतं याचं उदाहरण अमेरिकेत आहे. २०१९ मध्ये तिथं तरुण मुलं अचानक फुप्फुसं निकामी होऊन दवाखान्यात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण भरती झाले आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. तपासात मुख्य संशय गेला तो व्हिटॅमिन ई ॲसिटेट नावाच्या तेलकट पदार्थावर. गांजातला नशेचा घटक असलेल्या वेपमध्ये तो मिसळलेला होता आणि असा माल बहुतेक ओळखीतून, चोरट्या मार्गानं घेतलेला होता. तुमच्या आंबा फ्लेवरमध्ये हेच आहे असं मी म्हणत नाही. त्यात काय आहे हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही आणि विकणाऱ्यालाही नाही, एवढंच म्हणतेय.

'कमी केली' म्हणजे किती कमी?

आता मूळ हिशोबाकडं येऊ. दहाच्या तीन झाल्या. सत्तर टक्के कमी. धोकाही सत्तर टक्के कमी झाला असेल ना?

इथं गणित आपल्याला फसवतं. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये जुन्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. दिवसाला २० सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्याच्या साधारण निम्मा धोका दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो. विसावा भाग नाही, निम्मा. कॅन्सरचं गणित वेगळं आहे, तिथं कमी ओढल्याचा फायदा जास्त दिसतो. पण हृदयाला तुमच्या तीनचं फार कौतुक नाही. त्यामुळं 'तीनवर आलोय' हा मधला थांबा म्हणून ठीक आहे. तिथंच उतरून खोली केलीत तर फायदा फार नाही.

दुसरा प्रश्न: हळूहळू कमी करणं चांगलं की एकदम बंद करणं? २०१६ मध्ये ब्रिटनमध्येच ६९७ जणांवर हे करून बघितलं. अर्ध्यांना दोन आठवडे कमी कमी करत जायला सांगितलं, बाकीच्यांना ठरलेल्या तारखेला एकदम बंद. चार आठवड्यांनी एकदम बंद करणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, हळूहळूवाल्यांतले ३९ टक्के. सहा महिन्यांनी २२ विरुद्ध १५.५ टक्के. म्हणजे हळूहळू करूनही सुटते, पण एकदम सोडणारे जास्त टिकतात. आणि हे नीट बघा की 'हळूहळू' म्हणजे त्यांचे दोन आठवडे होते. माझ्या भावाचं 'हळूहळू' जूनपासून चालू आहे.

तिसरा प्रश्न, तोच, 'याचं कोण मोजतंय'. सिगारेट संपते. दहा-बारा झुरके झाले की थोटूक टाकावं लागतं. पुढची हवी तर खोलीतून खाली उतरून टपरीवर जावं लागतं, पैसे काढावे लागतात, ओळखीचं कुणी बघतंय का ते बघावं लागतं. हे सगळे स्पीड ब्रेकर आहेत. वेपला स्पीड ब्रेकर नाही. तो उशाशी असतो. वास गोड, धूर लगेच विरतो, घरमालकाला कळत नाही. फिजिक्सचा एक प्रश्न, दोन झुरके. डाउट आला, दोन झुरके. रात्री जाग आली, दोन झुरके.

मी भावाला एकच काम दिलं. एक दिवस मोज. प्रत्येक झुरक्याला वहीच्या मागच्या पानावर एक रेघ. दुपारी चारपर्यंत त्याच्या रेघा शंभरच्या वर गेल्या. मग त्यानं मोजणं सोडून दिलं. "ताई, हे तर लई होतंय," एवढंच म्हणाला. सिगारेट दहाच्या तीन झाल्या होत्या, पण तो दिवसातला जवळपास प्रत्येक जागा तास निकोटिनवर काढत होता. सिगारेटच्या काळात निदान तास-दोन तासांची गॅप तरी पडायची.

दोन्ही सोबत चालू ठेवणं हा वेपवाल्या मुलांचा नेहमीचा प्रकार आहे. खोलीत वेप, टपरीवर सिगारेट. यात सिगारेटचं नुकसान पूर्ण जात नाही आणि वेपची सवय वर बसते.

'पण टेन्शन किती असतं, तुला काय माहीत'

हे वाक्य लातूरमध्ये जास्त ऐकलं. आणि मी ते उडवून लावणार नाही. ज्या शहरात तुमची ओळख मॉकच्या मार्कांवर ठरते, जिथं गावाकडून वडील फोन करून आधी 'जेवलास का' आणि लगेच 'किती पडले' विचारतात, तिथं टेन्शन खोटं नसतं.

पण निकोटिन टेन्शन घालवतं, हा अनुभव कसा तयार होतो ते बघा. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरायला लागलं की चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं सुरू होतं. मग झुरका घेतला की बरं वाटतं. बरं वाटतं कशामुळं? आधीच्या झुरक्यानं तयार केलेली अस्वस्थता गेली म्हणून. परीक्षेचं टेन्शन आहे तिथंच आहे. वर निकोटिनचं स्वतःचं टेन्शन आलं आणि गेलं. २०१४ मध्ये 'बीएमजे'मध्येच आलेल्या एका आढाव्यात दिसलं की, सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण सोडल्यानंतर कमी झाले होते, वाढले नव्हते. पहिले काही दिवस त्रास होतो, तो खरा आहे. पहिले दोन-तीन दिवस जास्त, मग उतरत जातो, तीन-चार आठवड्यांत बराचसा जातो.

आणि नीटचा पेपर तीन तासांचा असतो. हॉलमध्ये वेप नेता येत नाही. तिसऱ्या तासाला तुमचं डोकं बायोलॉजीत असेल की झुरक्यात, हा प्रश्न भावाला मी विचारला. तो काही बोलला नाही.

सरकारला दोन प्रश्न

हे पान तुमचं आहे, त्यामुळं सगळं ओझं तुमच्याच खांद्यावर टाकून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही.

पहिला प्रश्न. जास्त घातक असलेली सिगारेट चौकाचौकात मिळते आणि ई-सिगारेटवर बंदी, हे कसं? सरकारची बाजू अशी की, नवी पिढी नव्या व्यसनात पडण्याआधीच दार बंद केलं. २०१९ च्या मे महिन्यात आयसीएमआरनंही पूर्ण बंदीची शिफारस केली होती. शाळकरी मुलांमध्ये वेप किती पसरू शकतो हे अमेरिकेनं तेव्हा अनुभवलं होतं. स्वतः ब्रिटननंही जून २०२५ पासून डिस्पोजेबल वेपच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणजे भीती खोटी नव्हती. पण याच देशात सिगारेट बनवणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीत एलआयसीची मोठी गुंतवणूक आहे आणि सरकारच्या अखत्यारीतल्या ट्रस्टचेही शेअर आहेत. एका हातानं बंदी आणि दुसऱ्या हातात डिव्हिडंड, हे तरुणांना दिसतं. मग आरोग्याचा मुद्दा खरा असूनही पटत नाही.

दुसरा प्रश्न. कायदे आहेत, पण रस्त्यावर कुठं आहेत? शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, अठरा वर्षांखालच्यांना विकायची नाही, हे २००३ च्या कायद्यात आहे. सार्वजनिक ठिकाणी ओढलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. कारण सरळ होतं. सुट्या सिगारेटवर धोक्याचा इशारा नसतो आणि विद्यार्थ्याला अख्ख्या पाकिटापेक्षा एक परवडते. आता सांगा, तुम्ही शेवटचं पाकीट कधी घेतलं? 'एक दे रे' म्हणूनच घेता ना? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो कुठं मिळतो हे कुणाला विचारायची गरज आहे का?

याच ओघात एक आकडा, जो मला बातमी शोधताना सापडला आणि घरी जाऊन लागला. २०१६-१७ च्या 'गॅट्स' सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आहेत. चघळायची, मळायची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचं मोठं व्यसन ओठाखाली आहे. आमच्या घरात वडिलांच्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी मी जन्मल्यापासून बघतेय. 'घरी सांगू नको' असं भाऊ म्हणाला तेव्हा मला प्रश्न पडला, घरी सांगणार कुणाला? वडील रागावतील, आणि रागावताना हातावर तंबाखू मळत असतील.

हेही लक्षात ठेवा. सिगारेट सोडायला म्हणून तंबाखू धरू नका. कॉलेजात हाही प्रकार बघितलाय, 'निदान धूर तर नाही'. भारतात तोंडाचा कॅन्सर एवढा का आहे, याचं मोठं उत्तर त्या पुडीतच आहे.

मग करायचं काय?

सोडायची इच्छा आहे, ही तुमच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वेप घेणाऱ्या बऱ्याच जणांकडं ती असते, म्हणूनच ते वेपकडं वळतात. ती इच्छा चुकीच्या दुकानात खर्च होऊ नये, एवढंच.

• आधी मोजा. एक दिवस सिगारेट आणि झुरके, दोन्ही. वहीवर रेघा. कुणाला दाखवू नका, स्वतः बघा.

• तारीख ठरवा. हळूहळूच करायचं असेल तर शेवटची तारीख दोन आठवड्यांच्या आतली हवी. 'परीक्षेनंतर' ही तारीख नाही.

• निकोटिनची गम. मेडिकलवर २ मिलिग्रॅमची गम चिठ्ठीशिवाय मिळते. ती च्युइंगमसारखी सलग चघळायची नाही. तिखट चव आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, चव गेली की पुन्हा हळू चघळायची, साधारण अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर काम करत नाही. हृदयाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनच्या या पर्यायी उपचाराचा समावेश झाला आहे, म्हणजे हा काही घरगुती जुगाड नाही.

• फोन करा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर तुमच्या हातातल्या पाकिटावरच छापलेला असतो, आपण फक्त चित्र बघून मान वळवतो. सुटी घेता म्हणून तो नंबरही कधी दिसला नसेल. मेसेजवर मदत हवी तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या.

• समोर बसून बोलायचं असेल तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथं मानसोपचार किंवा छातीविकाराच्या ओपीडीत विचारा. 'मानसोपचार' शब्दाला बिचकू नका. सवय सोडवणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

• तलफ काही मिनिटांची असते. ती आली की खोलीतून बाहेर पडा, पाणी प्या, कुणाला तरी फोन लावा. टपरीच्या विरुद्ध दिशेनं चाला, हे मात्र महत्त्वाचं.

• पुन्हा ओढली गेली तर 'गेलं सगळं' म्हणू नका. बहुतेकांची पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. पुन्हा तारीख टाका.

शेवटी भावाबद्दल. त्यानं सगळं सोडलं, असं लिहून मला हा लेख गोड करता आला असता. तसं झालेलं नाही. लातूरला परत जाताना तो वेप नांदेडलाच ठेवून गेला. पाच दिवसांनी त्याचा फोन आला, दोन सिगारेट ओढल्या म्हणून. मी रागावले नाही. पूर्वी त्यानं हे मला सांगितलंच नसतं. आता रोज रात्री तो एक आकडा मेसेज करतो. कधी दोन, कधी एक. काल शून्य होता. आज काय येतो, माहीत नाही.

वडिलांना आम्ही अजून सांगितलेलं नाही. पण मागच्या रविवारी भावाच्या सांगण्यावरून मी त्यांना एक वही दिली आणि म्हटलं, दिवसातून किती वेळा मळता, एक दिवस रेघा मारून बघा. त्यांनी वही बाजूला ठेवली. फेकली नाही.

तुमच्याकडंही एक वही असेलच. मागचं पान उघडा.